बिघाडाच्या दिवसाचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम भागात, फन्स्टन अव्हेन्यूवर, पांढऱ्या खांबांचे एक जुने चर्च आहे. आज तिथे इंटरनेट आर्काइव्ह ही वेबपाने आणि पुस्तके जपणारी संस्था नांदते. प्रार्थनेच्या मोठ्या दालनात, मागच्या भिंतीतल्या कोनाड्यांत, सर्व्हरचे काळे रॅक उभे आहेत आणि त्यांच्यावरचे निळे दिवे अखंड लुकलुकत असतात. इथला एखादा दिवा चमकतो तेव्हा जगात कुठेतरी कुणीतरी साठवलेले एखादे पान उघडत असते. मराठीतली कितीतरी जुनी, दुकानांतून केव्हाच दिसेनाशी झालेली पुस्तके या संस्थेच्या संग्रहात स्कॅन होऊन पडली आहेत. एखाद्या तालुक्याच्या गावातली विद्यार्थिनी मोबाइलवर त्यातले एक पुस्तक उघडते, तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्यातरी डिस्कचा काटा हलतो.

या संस्थेने २००४ च्या सुमारास आपली साठवणीची यंत्रे स्वतःच घडवायला घेतली आणि त्यांना पेटाबॉक्स असे नाव दिले. त्या वेळी मांडलेली उद्दिष्टे आजही वाचण्यासारखी आहेत. एका रॅकमध्ये शंभर टेराबाइट मावावेत, त्याला सहा किलोवॉटच्या आसपास वीज पुरावी आणि एक पेटाबाइट, म्हणजे हजार टेराबाइट, सांभाळायला एक माणूस पुरेसा असावा. यात प्रोसेसरचा वेग किंवा डिस्कचा ब्रँड नाही. काम काय, जागा कोणती, वीज किती आणि बिघडल्यावर हात कोण लावणार, हे आधी ठरले; यंत्र नंतर आले. हार्डवेअर निवडण्याचा हाच क्रम योग्य आहे असे मला वाटते. या पुस्तकाची उभारणी त्याच क्रमावर केली आहे.

नव्या वाचकासाठी आधी विषयाची ओळख करून देतो. एका डिस्कमध्ये किंवा एका कपाटाएवढ्या यंत्रात सगळी माहिती ठेवण्याऐवजी ती अनेक साध्या सर्व्हरांवर विभागून ठेवायची, प्रत्येक तुकड्याच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राखायच्या आणि वापरणाऱ्याला मात्र ते सारे एकच भांडार आहे असे दिसू द्यायचे, याला डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज म्हणतात. कोणता तुकडा कुठे आहे, कोणते यंत्र पडले, कोणती प्रत पुन्हा बनवायची, हे सॉफ्टवेअर बघते. या सॉफ्टवेअरवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते ज्या लोखंडावर चालते त्याच्या निवडीबद्दल मात्र बहुधा चार ओळींचा सल्ला मिळतो आणि बाकीचे शहाणपण यंत्रे बंद पडल्यावर येते.

या विद्येचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. १९५६ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतून रामाक हे यंत्र बाहेर पडले. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे. पुढची तीस वर्षे साठवण म्हणजे मोठ्या कंपनीकडून घेतलेले मोठे आणि महाग यंत्र, असेच समीकरण होते. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. घरगुती संगणकातल्या स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या, त्यांत थोडी जादा माहिती ठेवली, तर एखादी गेली तरी काम चालू राहते, असा त्याचा आशय होता. त्यालाच आपण रेड म्हणतो. तरीही त्या डिस्क एकाच पेटीत असत. पेटीचा कंट्रोलर गेला की सगळेच अडून बसे.

पेटीची भिंत मोठ्या प्रमाणावर मोडली ती गुगलने. २००३ मध्ये संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लुंग यांनी गुगल फाइल सिस्टिमवरचा निबंध सादर केला. त्यांनी चाचणीला वापरलेली यंत्रे आज एखाद्या अडगळीत सापडतील अशी होती. दोन पेंटियम-३ प्रोसेसर, दोन गिगाबाइट मेमरी, ऐंशी गिगाबाइटच्या दोन संथ डिस्क आणि सेकंदाला शंभर मेगाबिटचे नेटवर्क. बिघाड ही रोजची गोष्ट आहे असे गृहीत धरून त्यांनी रचना केली आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या. त्याच वाटेने पुढे हडूप ही मुक्त प्रणाली आली. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री ही भाड्याच्या साठवणीची सेवा सुरू केली. त्याच वर्षी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल यांनी सेफ या मुक्त प्रणालीवरचा निबंध मांडला. आज विद्यापीठांत, रुग्णालयांत, लहान डेटा सेंटरांत ज्यांना स्वतःचे भांडार उभारायचे असते, त्यांच्यापैकी बरेच जण सेफकडेच वळतात. म्हणून या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे सेफची आहेत.

हार्डवेअरच्या दृष्टीने पाहिले तर या वीस-बावीस वर्षांत तीन विचारधारा घडल्या.

पहिली गुगलची: सर्व्हर साधे, लहान आणि भरपूर. एक गेला तरी नुकसान छोटे.

दुसरी दाटीची. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या लाल पेटीचा आराखडा जगाला खुला करून दिला. ४५ डिस्क, ६७ टेराबाइट, खर्च ७,८६७ डॉलर. कमी जागेत, कमी पैशात जास्तीत जास्त डिस्क बसवण्याचा हा मार्ग. फेसबुकने ओरेगनमधल्या प्राइनव्हिल इथे २०१३ मध्ये तो आणखी पुढे नेला. लोक जुने फोटो क्वचितच पाहतात, हे ओळखून त्यांनी अशी यंत्रे केली की एका ट्रेमधली एकच डिस्क एका वेळी चालू राहील, बाकीच्या झोपलेल्या. त्यामुळे वीज, पंखे, वायरिंग सगळेच कमी लागले. काम ओळखून यंत्र बनवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी विचारधारा फ्लॅशची. फिरणारी तबकडी काढून टाका, एसएसडी वापरा आणि वेगवान नेटवर्कच्या जोरावर साठवण एकीकडे, गणन दुसरीकडे ठेवा. डेटाबेस आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे याच वाटेने निघाली आहेत.

तिन्ही विचारधारा आपापल्या कामासाठी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकीचे यंत्र दुसरीच्या कामाला जुंपल्यावर.

या तिन्हींना छेद देणारा आणखी एक बदल झाला, तो प्रती राखण्याच्या पद्धतीत. तीन पूर्ण प्रती ठेवायच्या तर एका टेराबाइटला तीन टेराबाइट लागतात. इरेझर कोडिंगमध्ये माहितीचे तुकडे करून त्यांत गणिताने काढलेले काही जादा तुकडे मिसळतात. बॅकब्लेझने सतरा तुकड्यांना तीन जादा तुकडे जोडले, फेसबुकने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या एफ-फोर प्रणालीत दहाला चार होते. जागा खूप वाचते. पण दहाला चारच्या मांडणीत एक तुकडा हरवला तर तो परत मिळवायला दहा तुकडे वाचावे लागतात. डिस्कवर वाचवलेला पैसा प्रोसेसर आणि नेटवर्क यांच्या खात्यावर खर्ची पडतो. हा व्यवहार फायद्याचा असू शकतो. तो डोळे उघडे ठेवून केला पाहिजे.

आता डिस्कबद्दलचे दोन धडे. पहिला वेगाचा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा काटा सेकंदाला साधारण शंभर ठिकाणी जाऊ शकतो. वीस वर्षांपूर्वीही तो तेवढाच जात असे. क्षमता मात्र वाढतच गेली. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये प्रत्येक टेराबाइटच्या वाट्याला सेकंदाला शंभर हालचाली येत. वीस टेराबाइटच्या डिस्कमध्ये पाच येतात. अशी डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने, कुठेही न थांबता, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत वाचली तरी बावीस तास लागतात. डॉलरला किती टेराबाइट मिळतात एवढेच पाहून खरेदी करणाऱ्याला हे दोन आकडे कुणी सांगितलेले नसतात.

दुसरा धडा बिघाडाच्या नोंदींचा. २००७ च्या फेब्रुवारीत एकाच परिषदेत दोन निबंध आले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवले की उत्पादकांच्या कागदावरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्यात, प्रत्यक्षात दोन ते चार टक्के बदलाव्या लागतात आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत. गुगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डिट्रिश वेबर आणि लुईझ बारोसो यांनी लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी स्वतःच्या तब्येतीच्या सर्वांत महत्त्वाच्या चार नोंदींत कसलाही इशारा दिला नव्हता. बॅकब्लेझ आपल्या डिस्कच्या २०१३ पासूनच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करते. त्यांच्याकडे आता तीन लाखांहून अधिक डिस्क आहेत आणि २०२४ मध्ये त्यांतल्या दीड टक्क्याच्या आसपास निकामी झाल्या. म्हणजे रोज बारा-तेरा. आपल्याकडे पन्नास डिस्क असतील तर वर्षाकाठी एखादी जाईल असे धरून चालावे, आणि ती बहुधा न सांगता जाणार.

डिस्क गेली तर भागते. अख्खा सर्व्हर गेला तर काय होते, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी चार सर्व्हर निवडले. प्रत्येकात वीस टेराबाइटच्या बारा डिस्क, दहा गिगाबिटचे नेटवर्क, तीन प्रती. एकूण ९६० टेराबाइट. कमी पेट्या, कमी वीज, कमी खर्च, म्हणून सगळे खूश होते. भांडार सत्तर टक्के भरले असताना, थँक्सगिव्हिंगच्या लांब सुटीच्या आदल्या संध्याकाळी, एका सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. त्यावरचे १६८ टेराबाइट उरलेल्या तिघांवर नव्याने लिहिले जाऊ लागले. प्रत्येकाच्या वाट्याला छप्पन्न टेराबाइट. नेटवर्कला दुसरे काहीही काम नसते तरी साडेबारा तास लागले असते. वापरणाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवून ते काम दिवसांवर गेले. आणि ते पुरे होणारच नव्हते. सत्तर टक्के भरलेल्या चौघांचा माल तिघांत ठेवायचा म्हणजे त्र्याण्णव टक्के, आणि सेफ नव्वद टक्क्यांना नव्या प्रती स्वीकारणे थांबवते. कागदावरच्या हिशेबानेही चोवीस टेराबाइटना तिसरी प्रत मिळणे शक्य नव्हते. सुटीनंतर सोमवारी बदली भाग आला. तोपर्यंत आणखी एक डिस्क गेली असती तर त्यातली जी माहिती तिच्यावर होती तिची एकेकच प्रत उरली असती. सुदैवाने काही हरवले नाही. ते दिवस मी विसरलेलो नाही.

तेच ९६० टेराबाइट मी दहा सर्व्हरांत, प्रत्येकी बारा टेराबाइटच्या आठ डिस्क घालून घेतले असते, तर? एक सर्व्हर गेल्यावर ६७ टेराबाइट नऊ जणांत वाटले गेले असते, प्रत्येकाला साडेसात. त्याच नेटवर्कवर, त्याच मोजमापाने, दोन तासांच्या आत. भांडार अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर थांबले असते. पेट्या, वीज आणि स्विचवरची जागा यांचा खर्च वाढला असता हे खरे. पण तो खर्च कशासाठी आहे, हे आधी सांगता आले असते. साधे चालू दिवस कोणतेही यंत्र निभावून नेते. निवड करायची ती बिघाडाच्या दिवसाकडे पाहून.

बाकीचे भागही एकमेकांना जुळणारे हवेत. सेफच्या तीन प्रतींच्या भांडारात तिन्ही यंत्रांनी लिहून झाल्याचा निरोप दिल्याशिवाय काम पुरे होत नाही. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण झाल्याशिवाय कुणी उठत नाही, तसेच हे आहे. एक संथ डिस्क सगळ्यांना बसवून ठेवते. बारा डिस्क प्रत्येकी दोनशे मेगाबाइट देत असतील तर एकोणीस गिगाबिटचा ओघ होतो, तो दहा गिगाबिटच्या वायरीतून जाणार नाही. सेफ प्रत्येक डिस्कमागे मुळातच चार गिगाबाइट मेमरी धरून चालते आणि दुरुस्तीच्या वेळी त्याहून जास्त मागते. ती मेमरी चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी प्रकारचीच हवी. घरगुती एसएसडी पाहताना तिच्यात वीज गेल्यावर हातातले काम पुरे करणारे कपॅसिटर आहेत का हे बघावे. ते नसतील तर प्रत्येक लेखन खरोखर चिपवर उतरेपर्यंत थांबावे लागते आणि खोक्यावरचा वेग खोक्यावरच राहतो. बारा डिस्कची अनुक्रमणिका एकाच एसएसडीवर ठेवली, तर ती एसएसडी जाताना बाराही डिस्क घेऊन जाते. आणि रेड कार्ड घेण्याऐवजी डिस्क सॉफ्टवेअरला थेट दिसू देणारे साधे कार्ड घ्यावे. प्रती राखण्याचे काम वर होत असताना खाली आणखी कुणी ते लपून करू नये.

हे सगळे आताच का लिहायचे? तीन कारणे आहेत. पहिले विजेचे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेटा सेंटरांनी देशाच्या एकूण विजेपैकी ४.४ टक्के वीज वापरली. तो वाटा वेगाने वाढतो आहे. जादा घेतलेला प्रत्येक सर्व्हर आणि चुकीचा निवडल्यामुळे अर्धवट वापरलेला प्रत्येक सर्व्हर आता वीजबिलात दिसतो. दुसरे कारण बाजाराचे. २०११ च्या शरद ऋतूत थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव कडाडले. बॅकब्लेझच्या लोकांनी तेव्हा नातेवाईक-मित्रांनाही कामाला लावून दुकानांतून बाहेरून जोडायच्या डिस्क एकेक-दोनदोन करून विकत आणल्या, त्यांची कवचे फोडली आणि आतल्या डिस्क आपल्या पेट्यांत बसवल्या. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीने मेमरीचे भाव तसेच भडकले. एकाच मॉडेलवर, एकाच पुरवठादारावर बेतलेला आराखडा अशा वेळी कोलमडतो. तिसरे कारण माहितीचे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा कॅमेरा कॅलिफोर्नियात स्लॅक प्रयोगशाळेत बांधला गेला. ती वेधशाळा रात्रीला वीस टेराबाइटच्या आसपास माहिती देण्यासाठी रचली आहे. असे आकडे आता फक्त गुगल-ॲमेझॉनचे राहिलेले नाहीत. जनुकशास्त्राची प्रयोगशाळा, रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग, विद्यापीठाचे ग्रंथालय, सगळ्यांच्या दारात पेटाबाइट येऊन उभा आहे.

मराठीत का, असेही विचारले जाईल. साठवणीच्या सॉफ्टवेअरचा फार मोठा भाग गेली तीसेक वर्षे पुण्यात लिहिला जातो आहे; व्हेरिटासपासून रेड हॅटपर्यंत अनेक कंपन्यांची कामे तिथे चालली. इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातही रॅकजवळ उभे राहून आम्ही आपसांत मराठीतच बोलतो: डिस्क बसली, सर्व्हर झोपला, नेटवर्क गुदमरले. ही बोलण्यातली भाषा कागदावर यावी असे फार दिवस वाटत होते. ज्या भाषेत आपण घाबरतो आणि निर्णय घेतो, त्याच भाषेत हिशेब मांडला तर तो पक्का होतो, असा माझा अनुभव आहे.

हे पुस्तक खरेदीची यादी नाही. इथे छापलेले मॉडेल क्रमांक दोन वर्षांत शिळे झाले असते, म्हणून ते टाळले आहेत. कामाचे स्वरूप मोजायचे कसे, त्यावरून डिस्क, मेमरी, प्रोसेसर, नेटवर्क आणि वीज यांचा तोल कसा काढायचा, किती सर्व्हरांपासून सुरुवात करायची, किती जागा मुद्दाम रिकामी ठेवायची आणि हे सारे पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला कसे समजावून द्यायचे, एवढा याचा आवाका आहे. गणित बेरीज, गुणाकार, भागाकाराच्या पलीकडे जात नाही. लहान आणि मध्यम भांडारे उभारणाऱ्यांसाठी ते लिहिले आहे; लाखो डिस्क सांभाळणाऱ्यांकडे त्यांची स्वतःची माणसे आहेत.

वाचकाला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी सर्व्हरची मागणी लिहायला बसाल तेव्हा दरपत्रक बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा: यांतला एक सर्व्हर आज रात्री गेला, तर त्याची माहिती कुठे मावेल, किती तासांत मावेल आणि तोपर्यंत किती प्रती शिल्लक असतील. या तीन उत्तरांनी तुमचे समाधान झाले, तरच सही करा.